कांचेपलीकडील मित्र

कल्पित माणसाच्या मृत्यूनें खऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी कां यावें, हा प्रश्न जुना आहे. भरतमुनींपासून अभिनवगुप्तांपर्यंत अनेक थोरांनीं त्याचा विचार केला, आणि आम्हीहि त्यांचीं मतें वर्गांत मुलांपुढें वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु पढविणें निराळें आणि प्रत्ययास येणें निराळें. गेल्या दिवाळींत एका अमेरिकन विज्ञानपटाच्या निमित्तानें आम्हांस जो प्रत्यय आला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रसंग असा. आमचा भाचा दिवाळीस आमच्याकडे आला होता. वय अठ्ठेचाळीस, पेशा अभियंत्याचा, दोन मुलांचा बाप. फराळ आटोपल्यावर त्यानें घरच्या दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' या चित्रमालेंतील दुसरा बोलपट लावला. नांव 'द रॅथ ऑफ खान', म्हणजे खानाचा कोप. अकराव्या वर्षीं भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर त्यानें तो प्रथम पाहिला, आणि पुढें किती वेळां पाहिला याची गणती त्याची त्यालाच नाहीं. आम्ही जवळच पुस्तक वाचीत बसलों होतों. चित्रपट संपत आला तेव्हां सहज मान वर करून पाहतों, तों हे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत आहेत!

आम्हांस हंसूं आवरेना. आम्ही म्हणालों, "अरे, पुढें काय होणार तें तुला पाठ आहे. मेला तो धड माणूसहि नव्हे, अर्धा परग्रहवासी! आणि तूं रडतोस?"

तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मामा, तुम्ही उद्यां पहिल्यापासून पहा, आणि मग हंसा."

त्याचें म्हणणें रास्त होतें. ग्रंथ न वाचतां त्याची थट्टा करणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं कधीं क्षमा केली नव्हती. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या शेजारीं बसलों.

ज्या वाचकांस या मालेची ओळख नाहीं, त्यांच्यासाठीं पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. जीन रॉडनबेरी या गृहस्थानें निर्मिलेली मूळ मालिका अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर १९६६ च्या सप्टेंबरांत सुरू झाली आणि १९६९ च्या जूनमध्यें संपली. एकंदर भाग ७९. तेविसाव्या शतकांत 'एंटरप्राइझ' नांवाचें एक महानौकायान ताऱ्यांमधून संचार करीत आहे, असा कथेचा बांधा. यानाचा कप्तान कर्क हा साहसी आणि उतावळा. वैद्य मॅकॉय हा तोंडाचा फटकळ पण मनाचा मऊ. आणि तिसरा स्पॉक. याची आई पृथ्वीवरील, बाप व्हल्कन नामक ग्रहावरील. व्हल्कन लोक भावनेचा निग्रह करून केवळ तर्काच्या आधारें जगणारे. टोंकदार कान, वर चढलेल्या भुंवया आणि मुद्रेवर रेषाहि न हलणारी शांति, असें हें पात्र लेनर्ड निमॉय या नटानें असें वठविलें कीं लोक नटास विसरले. १९७५ मध्यें त्यानें 'मी स्पॉक नव्हे' अशा अर्थाच्या नांवाचें आत्मकथन लिहिलें तेव्हां चाहते रुसले; वीस वर्षांनीं त्यानें दुसरें लिहिलें, त्याचें नांव 'मी स्पॉक आहें' अशा अर्थाचें!

या चाहत्यांचा लेखणीवर मोठा विश्वास. दुसऱ्या वर्षानंतर मालिका बंद पडणार अशी वार्ता उठतांच त्यांनीं हजारों पत्रें धाडलीं, आणि तिसरें वर्ष मिळविलें. १९७६ मध्यें अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-विमानास 'एंटरप्राइझ' हें नांव मिळालें तेंहि त्यांच्याच पत्रांमुळें. १९७९ च्या डिसेंबरांत मालेंतील पहिला बोलपट आला. त्यांत आमच्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची 'मिस इंडिया', हिनें मुंडन करून परग्रहावरील स्त्रीची भूमिका केली होती. चित्रपटावर खर्च अपार झाला, प्रेक्षकहि पुष्कळ गेले. परंतु यंत्रें फार आणि माणसें थोडीं, अशी अनेकांची तक्रार राहिली.

दुसऱ्या बोलपटास पैसा पहिल्याच्या सुमारें चतुर्थांश मिळाला. निर्माता हार्व बेनेट यानें जुने सर्व भाग पाहून त्यांतून फेब्रुवारी १९६७ मधील एका भागांतला खलपुरुष उचलला. त्याचें नांव खान नूनियन सिंग! खान आणि सिंग यांची ही सोयरीक वाचून आमच्याप्रमाणें वाचकांसहि मौज वाटेल. हा हिंदुस्थानांतला म्हणून दाखविलेला, आणि सोंग वठविणारा रिकार्डो मॉन्टलबान जन्मानें मेक्सिकोचा. मात्र त्याचा अभिनय असा करारी कीं नांवाची विसंगति लौकरच विसरावी. दिग्दर्शक निकोलस मेयर हा तेव्हां अवघा छत्तीस वर्षांचा. त्याची आधींची ख्याति शेरलॉक होम्सवर नवी कादंबरी रचणारा म्हणून.

निमॉयच्या मनांत पुन्हां ते कान लावण्याचें नव्हतें. तेव्हां बेनेटनें त्यास प्रलोभन दाखविलें तें असें कीं, स्पॉकला एक उत्तम मृत्यु देतों. नटास उत्तम मृत्यूचा मोह पडतोच. तो कबूल झाला. पण वार्ता फुटली. मग काय विचारतां? संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. १८९३ मध्यें कॉनन डॉयल यांनीं होम्सला स्वित्झर्लंडांतील धबधब्यापाशीं नाहींसा केला तेव्हां वाचक असेच खवळले होते, आणि १९०३ मध्यें त्याला जिवंत परत आणावें लागलें होतें. होम्सवर ग्रंथ लिहिणाऱ्या मेयरला हा इतिहास ठाऊक नसेल असें कसें म्हणावें?

मूळ संहितेंत स्पॉकचा मृत्यु पुष्कळ आधीं होता. तो शेवटीं नेला. आणि आरंभींच एक युक्ति केली. पडदा उघडतो तों युद्धप्रसंग चालू आहे, यान कोसळत आहे, आणि स्पॉक धाडकन् पडतो. प्रेक्षक हाय खातात. इतक्यांत दिवे लागतात आणि कळतें कीं ही नवशिक्या अधिकाऱ्यांची परीक्षा होती. तिचें नांव 'कोबायाशी मारू'. हिच्यांत कोणासहि यश येणें शक्यच नाहीं. पराभव समोर असतां माणूस कसा वागतो, एवढेंच तींत पाहावयाचें. बाहेर आल्यावर कर्क स्पॉकला विनोदानें विचारतो कीं, तूं मेला होतास ना? प्रेक्षक हंसतात, आणि वार्ता खोटी होती असें समजून निर्धास्त होतात.

ही परीक्षा आजवर एकानेंच जिंकलेली. तो कर्क, आणि तीहि यंत्राची आज्ञावली गुपचूप बदलून! आम्हां शिक्षकांच्या भाषेंत याला काय म्हणतात तें वाचक जाणतातच. चित्रपटांत कर्कचा वाढदिवस आहे. वैद्य त्याला चाळिशी भेट देतो, स्पॉक एक जुनी कादंबरी देतो. वय होत चाललें आहे, पण पराभव कसा असतो तें त्यास माहीत नाहीं. तें त्याला शिकविणें हेंच या सर्व कथेचें प्रयोजन.

युद्धाचें वर्णन करीत बसत नाहीं. निर्जीव ग्रहावर सृष्टि निर्माण करणारें एक यंत्र खानाच्या हातीं पडतें. हरल्यावर तो मरतां मरतां तें चालू करतो. त्या यंत्राचा प्रभाव दाखविणारें दृश्य संपूर्णपणें संगणकावर रचलेलें होतें, आणि तें रचणाऱ्या मंडळींच्या विभागांतूनच १९८६ मध्यें 'पिक्सार' ही संस्था निघाली. एंटरप्राइझला पळून जावयाचें आहे, पण मुख्य यंत्र बिघडलें आहे. दुरुस्तीची जागा विषारी किरणांनीं भरलेली. आंत जाईल तो परत यावयाचा नाहीं. स्पॉक कोणास न विचारतां आंत जातो. यान वांचतें.

कर्क धांवत येतो, पण दार उघडतां येत नाहीं. मध्यें कांच. पलीकडे स्पॉक कष्टानें उठतो, अंगरखा खालीं ओढून नीट करतो, आणि दृष्टि गेल्यामुळें चाचपडत कांचेवर आदळतो. यान संकटांतून सुटलें ना, एवढें विचारून घेतो. बहुतांच्या गरजेपुढें थोड्यांची गरज गौण, हा आपला सिद्धान्त बोलून दाखवितो. कुळासाठीं एकाला आणि गांवासाठीं कुळाला सोडावें हें आपल्याकडील नीतिवचन आम्हीं कित्येकदां शिकविलें. पण तेथें सोडणारा निराळा आणि सोडला जाणारा निराळा. येथें दोन्ही एकच. मग तो म्हणतो कीं, त्या परीक्षेस मी कधीं बसलों नव्हतों. माझें उत्तर तुला कसें वाटलें? शेवटीं मैत्रीचे दोन शब्द बोलून बोटें विभागलेला आपला हात तो कांचेवर टेकतो, आणि खालीं बसतो. कर्क अलीकडून हात टेकतो. आक्रोश नाहीं, भाषण नाहीं.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, कर्क रडत नाहीं, म्हणूनच मला रडूं येतें."

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. कारण देण्याजोगा आवाज आमच्याजवळ त्या वेळीं नव्हता.

आतां आमचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. एरवीं ती सांगितली नसती. आमच्या शाळेंत गणिताचे एक शिक्षक होते. सत्तावीस वर्षें आम्ही दोघे एका शाळेंत होतों. कोणताहि प्रश्न ते तर्काच्या ताजव्यांत घालीत, आणि भवभूतीच्या श्लोकावर आमचा कंठ दाटला तर म्हणत, "गुरुजी, यांतून सिद्ध काय झालें?" आमचा संस्कृतचा तास हटकून लांबे, आणि पुढचा तास त्यांचा असे. मग ते वर्गाच्या दाराबाहेर येऊन उभे राहत आणि कांहीं न बोलतां मनगटावरील घड्याळावर दोनदां बोट वाजवीत. मुलें हंसत, आम्ही पुस्तक मिटीत असूं.

२०२१ च्या एप्रिलांत महामारीच्या दुसऱ्या लाटेंत ते रुग्णालयांत गेले. चौथ्या दिवशीं आम्हांस कांचेच्या तावदानाआडून पाहण्याची परवानगी मिळाली. तोंडावर प्राणवायूची नळी होती. आम्हांस ओळखलें असें वाटलें. त्यांनीं डावा हात मोठ्या कष्टानें वर आणला आणि उजव्या हाताचें बोट मनगटावर दोनदां वाजविलें. घड्याळ हातांत नव्हतें. आम्हीं अलीकडून मान हलविली. तिसऱ्या दिवशीं निरोप आला. अंत्यविधि परक्या हातांनीं झाला; जाण्याची मुभा नव्हती. घरीं येऊन स्नान केलें, आणि त्या दिवशीं वा पुढें कधींहि आम्हांस रडूं आलें नाहीं. आपलें मन निबर झालें कीं काय, असें मनांत अनेकदां येऊन गेलें.

आणि चार वर्षांनीं एका टोंकदार कानांच्या परग्रहवासीयासाठीं आमचे डोळे वाहूं लागले!

शास्त्रकारांच्या दृष्टीनें हें आमचें अरसिकत्व होय. भट्टनायकांनीं सांगितलेलें आणि अभिनवगुप्तांनीं पुढें विवरण केलेलें साधारणीकरणाचें तत्त्व असें कीं, रंगभूमीवरील शोक ना नटाचा, ना माझा, ना शेजाऱ्याचा. तो सर्वांचा होतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. आणि आस्वादांत येणारीं जीं विघ्नें अभिनवगुप्तांनीं मोजलीं आहेत, त्यांत एक हें कीं, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखानें विवश झालेला असणें. आम्ही तर सर्वथा तसे झालों होतों. पडद्यावरील कांच आम्हांस दिसतच नव्हती. दिसत होती ती रुग्णालयांतली.

परंतु थोड्या वेळानें एक निराळी गोष्ट घडली. अंत्यविधीच्या प्रसंगीं कर्क उभा राहून म्हणतो कीं, आपल्या सर्व प्रवासांत भेटलेल्या जीवांमध्यें हा सर्वांत अधिक 'मानवी' होता. आणि त्या शब्दावर त्याचा आवाज फाटतो. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्ही आतां कर्कसाठींहि रडत आहों, शेजारच्या भाच्यासाठींहि, आणि त्या वर्षीं कांचेअलीकडे उभे राहून परतलेल्या असंख्य माणसांसाठींहि. आमचा शोक आमच्या एकट्याचा उरला नव्हता. विघ्न म्हणून जें आलें, त्याच दारानें आम्ही आंत गेलों. शास्त्रकारांशीं वाद घालण्याचा आमचा अधिकार नाहीं. घडलें तें निवेदन केलें.

दुसरा प्रश्न असा कीं, हा परिणाम दुसऱ्या भागानेंच कां साधावा? आमचें उत्तर भवभूतींत आहे. विदर्भांतील पद्मपूरच्या या कवीनें रामावर दोन नाटकें लिहिलीं. महावीरचरितांत पराक्रम आहे, राज्याभिषेक आहे. परंतु लोकांच्या हृदयांत राहिलें तें उत्तररामचरित. त्याच्या पहिल्याच अंकांत राम आणि सीता आपल्या गतायुष्याचीं चित्रें पाहतात. शूर्पणखेचें चित्र येतांच सीता भिते, आणि हें केवळ चित्र आहे असें रामास सांगावें लागतें. ज्यांचें आयुष्य त्यांनाच चित्र पाहून भय वाटतें, तर आमच्या भाच्याचा काय अपराध? उत्तरभागाचें भांडवल कवीचें एकट्याचें नसतें. अर्धें प्रेक्षकाच्या स्मृतींत साठलेलें असतें. ज्यानें स्पॉकला प्रथमच पाहिलें त्याला एक शूर अधिकारी मेला असें वाटेल. ज्यानें पूर्वींचे भाग पाहिले त्याचा परिचित गेला.

आम्हीं मात्र स्पॉकला प्रथमच पाहिलें होतें. आमच्या स्मृतींत साठा होता तो दुसऱ्याच एका माणसाचा.

आतां शेवटच्या दृश्याविषयीं. स्पॉकची शवपेटी नव्यानें जन्मलेल्या ग्रहावर हिरव्या पाल्यांत टेकलेली दिसते. हें दृश्य मेयरला नको होतें. आधीं निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखविला तेव्हां शेवट फार विषण्ण वाटला, म्हणून तें मागाहून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका उद्यानांत टिपलें. त्याचें फळ असें कीं १९८४ च्या तिसऱ्या भागांत स्पॉक परत आला, आणि त्याचें दिग्दर्शन स्वतः निमॉयनें केलें. हें ऐकून आमच्यांतला शिक्षक प्रथम रागावला. शोक देऊन परत घेणें ही कवीची अप्रामाणिकता नव्हे काय?

मग लक्षांत आलें कीं रामायणांत सीता भूमींत जाते, आणि भवभूतीनें मात्र सातव्या अंकांत रामसीतेची भेट घडवून आणली. तो बदल आम्हीं मुलांना कवीची करुणा म्हणून शिकविला होता. अमेरिकन चाहत्यांनीं पत्रें लिहून जें मागितलें, तेंच आमच्या कवीनें न मागतां दिलें. एकाला करुणा आणि दुसऱ्याला धंदा म्हणणें आम्हांस आतां जड जातें. धंदा तेथें होता, हें खरें. पण मागणाऱ्यांचें मन निराळें नव्हतें.

खरा निमॉय २०१५ च्या फेब्रुवारींत वारला. बोटें विभागून हात उंचावण्याची ती स्पॉकची खूण त्यानें बालपणीं बॉस्टनच्या ज्यू प्रार्थनामंदिरांत पुरोहितांना आशीर्वाद देतांना पाहून उचलली होती. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीं अंतराळस्थानकांतील टेरी व्हर्ट्स या अमेरिकन अंतराळवीरानें खिडकीपाशीं तीच खूण करून तिचें छायाचित्र पृथ्वीवर पाठविलें. तेथेंहि मध्यें कांचच होती.

रात्रीं भाच्यानें विचारलें, "मामा, तिसरा भाग लावूं? त्यांत तो परत येतो."

आम्ही म्हणालों, "तुला कोणता आवडतो?"

तो थोडा थांबून म्हणाला, "लहानपणीं तिसरा आवडे. आतां दुसरा."

"मग आज राहूं दे," आम्ही म्हणालों. तो हंसला नाहीं. त्यानें दिवा मालवला, आणि आम्ही नेहमीच्या वेळेपेक्षां पुष्कळ उशीर झाल्याचें घड्याळांत पाहून उठलों.